मॅडम, आमची मुलं आता इंग्रजी ऐकतात

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. धुळ्याहून एसटीने साक्री तालुक्यातल्या आमच्या शाळेत येऊन तुम्ही आठवीच्या वर्गाबरोबर जे काम केलंत, ते इतर शिक्षकांनाही कळावं असं मनापासून वाटतं.

आमच्या मुलांची अडचण तुम्ही पहिल्याच तासाला ओळखलीत. धडा वाचता येतो, शब्दार्थ पाठ असतात, पण माझ्याशिवाय इंग्रजी बोलणारं माणूस त्यांच्या कानावर पडत नाही. घरी अहिराणी, काहींच्या घरी भिली. मराठीसुद्धा बरीचशी शाळेतच शिकलेली.

टेड या संस्थेच्या मंचावर वेगवेगळी माणसं करतात ती छोटी भाषणं 2006 पासून इंटरनेटवर फुकट मिळतात, हे मला माहीत होतं. पण त्या ढिगातून आमच्या वर्गासाठी एक निवडायचं कसं, ते तुम्ही दाखवलंत. ‘गाजलेलं शोधू नका, मुलांना ज्यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे ते शोधा,’ असं म्हणालात आणि आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या विल्यम कामक्वांबाचं 2009 चं भाषण काढलंत. जेमतेम सहा मिनिटांचं. दुष्काळात फी भरता येईना म्हणून शाळा सुटलेला चौदा वर्षांचा मुलगा वाचनालयातल्या पुस्तकावरून पवनचक्की बांधतो. आमच्याच तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पाहत वाढलेल्या आमच्या पोरांना ती काय असते हे समजावण्यात एक मिनिटही गेलं नाही.

तुम्ही आधी आवाज बंद ठेवून नुसती चित्रं दाखवलीत. पोरांनी अहिराणीत भराभर अंदाज बांधले आणि तुम्ही ते सगळे फळ्यावर लिहिलेत. मग आवाज सुरू केलात, तोही मिनिटभराच्या तुकड्यापुरता, पडद्यावर खाली येणाऱ्या ओळी (सबटायटल्स) बंद ठेवून. ट्रॅक्टर, पाइप, सायकल, डायनॅमो, शॉक अब्सॉर्बर! सगळे आमच्या घरातले, गॅरेजातले शब्द. मागच्या बाकावरच्या पोरांनी ते सगळ्यांत आधी पकडले, त्या वेळचे त्यांचे चेहरे तुम्हीही पाहिलेत. काही भाषणांना मराठी ओळी मिळतात, त्या अगदी शेवटी दाखवायच्या हेही तुमच्याकडूनच शिकले. त्या दिसल्या की डोळे वाचू लागतात आणि कान सुट्टी घेतात.

वेग कमी करून ऐकवू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, वेग कमी केला की जोडून येणारे शब्द सुटे होतात, आणि खऱ्या बोलण्यात तर ते जोडूनच येतात. त्यापेक्षा तेच वाक्य पुन्हा ऐकवा. संकेतस्थळावरच्या लिखित उताऱ्यात वाक्यावर बोट ठेवलं की भाषण नेमकं तिथून सुरू होतं, ही सोय मी आता रोज वापरते. आणि तुम्ही हाताने लिहून आणलेला तो गाळलेल्या जागांचा उतारा! गाळलेले शब्द ठळक ऐकू येणारे होते, त्यामुळे कच्च्या मुलालाही काही ना काही भरता आलं. एवढा विचार करून तयार केलेला कागद आमच्या वर्गात क्वचितच येतो.

एका ठिकाणी विल्यम सांगतो की 2007 मध्ये पहिल्यांदा मंचावर उभा राहिला तेव्हा घाबरून त्याचं इंग्रजीच हरवलं. आमची एक मुलगी पटकन म्हणाली, ‘त्याले बी इंग्रजी येत नही व्हती?’ तुम्ही उत्तर दिलं नाहीत, सरळ 2007 चं भाषण लावलंत. तोच माणूस, दोन वर्षांपूर्वीचा, तुटक वाक्यांत बोलणारा. इंग्रजी नीट वाचता येत नसताना पुस्तकातल्या आकृत्या बघून त्यांच्याभोवतीचे शब्द शिकलो, असंही तो 2009 च्या भाषणात सांगतो. आदल्या तासाला मुलांनी हेच केलं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं आणि वर्गाचा नूरच पालटला. त्याचे उच्चार इंग्रजांसारखे नाहीत ही माझी शंकाही तिथेच मिटली. इंग्रजी मागाहून शिकलेली माणसंच आमच्या मुलांना आयुष्यात जास्त भेटणार आहेत.

सगळ्यांत जास्त ऋणी आहे ती तुम्ही अहिराणीला दिलेल्या जागेबद्दल. कांदा चाळीत कसा भरायचा, हे एका मुलाने आधी अहिराणीत सांगितलं. हवा कुठून खेळते, ओला कांदा का वेगळा काढायचा, सगळं तपशिलात. मग तुम्ही त्याला फक्त सहा शब्द फळ्यावर लिहायला लावलेत आणि त्यांच्या आधाराने तो मिनिटभर इंग्रजीत बोलला. चुका झाल्या. तुम्ही मध्ये एकदाही थांबवलं नाहीत. सांगण्यासारखं काही असलं की मूल भाषा ओढून आणतं, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं.

आता दर शनिवारी आमचा हा तास होतो. नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून भाषण आदल्या दिवशी मोबाइलमध्ये उतरवून आणते. मुलं आपापले विषयही ठरवून येतात: विहिरीवरची मोटर, बकरीचं बाळंतपण, यात्रेतलं दुकान.

एक विनंती आहे. सातवीसाठी पाच-सहा मिनिटांचं, संथ लयीतलं एखादं भाषण सुचवाल का? बोलणारी बाई असावी, अशी मुलींची मागणी आहे.

आपली,
साक्री तालुक्यातील एक शिक्षिका