पाण्याची पाळी

सिॲटल, २० जुलै

ती. आई-बाबांना
सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "तिथे तर सारखा पाऊस, मग रोज पाणी घालायला कशाला जातेस?" फोन मध्येच कटला, म्हणून लिहितेय. इथला पाऊस हिवाळ्याचा. जुलै लागला की आभाळ कोरडं ठणठणीत, आणि नेमके भाजी वाढायचे तेच दिवस. २०२१ च्या २८ जूनला तर पारा ४२ अंशांवर गेला होता. अकोल्याचा मे महिना समजा, तोही अशा गावात जिथे कित्येक घरांत एसी नाही.

म्हणून आमच्या सामायिक भाजीबागेत उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या लागतात. जागा शहराच्या योजनेतली, पण माळी कोणी नाही, सगळं आम्हीच करायचं. १९७३ मध्ये पिकार्डो नावाच्या इटालियन शेतकरी कुटुंबाच्या रानात ही योजना सुरू झाली, म्हणून अशा बागांना अजून 'पी-पॅच' म्हणतात. माझा वाफा दहा बाय दहा फुटांचा. रासायनिक खत-औषध चालत नाही, भाजी विकायची नाही, आणि वर्षाकाठी ठरलेले तास श्रमदान करायचंच. गेल्या शनिवारी कुंपणालगतची चांदवेल काढली. वरून ओढली की मुळी तुटते आणि राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटते. तुम्ही बांधावर बसून खुरप्याच्या टोकाने पांढरी मुळी सबंध उकरून काढायचात, तसंच केलं. चार जणांनी माझं बघून तसंच केलं, याचा मला फार आनंद झाला.

आई, शेजारच्या वाफ्यात एक कोरियन आजी आहेत. मिरच्या आणि मुळा लावतात. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी टोमॅटोवर वरून नळी धरायचे. ऑगस्टमध्ये करपा आला आणि सगळी झाडं उपटावी लागली. पुढच्या वर्षी आजींनी माझा हात धरून बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं. वर ओल दिसत होती, खाली माती भुकटीसारखी. मग त्यांनी नळी बुडाशी ठेवली आणि पाणी मुरेपर्यंत तशीच राहू दिली. तेव्हापासून मी सकाळीच जाते, आळ्यात पाणी देते आणि वर वाळल्या गवताचं आच्छादन घालते.

सध्या आजी आपल्या मुलाकडे गेल्यात, त्यांचा पाय मुरगळलाय. महिनाभर त्यांच्या वाफ्याची पाळी माझ्याकडे आहे. त्यांची मिरची सुकली तर मला त्यांना तोंड दाखवता येणार नाही, म्हणून कामावर जाण्याआधी आधी त्यांचा वाफा भिजवते, मग माझा. काल त्यांच्या पहिल्या मिरच्या खुडून फोटो पाठवला. मुलाने कळवलं, आई दिवसभर तोच बघत बसलीय.

जास्तीची भाजी फूड बँकेत जाते. गरजूंना ती फुकट मिळते, आणि तीही त्याच दिवशी खुडलेली.

बाबा, भोपळ्याच्या पानांवर पांढरी भुरी दिसायला लागलीय. तुम्ही आंबट ताक फवारायचात ना? एका बादलीला किती, आणि किती दिवसांनी, ते आईला सांगून आजच लिहून पाठवा. आजींच्या काकडीवर जायच्या आत आटोक्यात आणायचीय.

तुमची,
माई