उडणारे तांदूळ जपणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

टोरोंटोतल्या इटालियन कुटुंबांच्या घरगुती चित्रीकरणाची जुनी रीळं तुम्ही दुरुस्त करून स्कॅन केलीत, म्हणून ती आता पाहता येतात. गॅरेजमध्ये रटरटणारा वर्षभराचा टोमॅटो सॉस, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची गुड फ्रायडेची मिरवणूक, ११ जुलै १९८२ ला इटलीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकल्यावर सेंट क्लेअर अव्हेन्यूवर लोटलेली गर्दी. त्या घरांनी तुमचे आभार त्यांच्या भाषेत मानलेच. हे पत्र मराठीत आणि उघडं अशासाठी, की इकडे आलेल्या आपल्या मंडळींच्या तळघरांतही अशा रिळांचे डबे असतील, आणि ते उघडल्यावर पहिला मोह प्रोजेक्टर लावायचा होतो.

तो तुम्ही आधी बाजूला ठेवायला लावलात. जुनी ॲसिटेट फिल्म आकसते. रेग्युलर ८ मध्ये, म्हणजे घरगुती चित्रीकरणाच्या जुन्या ८ मिलिमीटर फिल्ममध्ये, कडेच्या दोन भोकांमधलं अंतर ३.८१ मिलिमीटर; आकसणं एक टक्क्याच्या आसपास गेलं की प्रोजेक्टरचा पंजा भोक चुकतो आणि कड फाडत जातो. म्हणून आधी वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबूस आला तर डब्यात ए-डी पट्टी (आम्लाने रंग बदलणारी कागदी पट्टी) टाकून किमान एक दिवस ठेवायची. निळी राहिली तर ठीक. हिरवी-पिवळी झाली तर ते रीळ वेगळं काढून आधी स्कॅन करायचं, कारण त्यातलं आम्ल शेजारच्या रिळांनाही लागतं.

सगळ्यात किचकट काम फिल्मच्या तुकड्यांमधल्या जोडांचं. सिमेंटचे (फिल्म चिकटवायच्या द्रावाचे) जोड वाळून सुटलेले, चिकटपट्टीचा गोंद पाझरून वरच्या वेढ्याला धरलेला. तो तुम्ही ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने उतरवलात. पाणी अजिबात नाही, जिलेटिन फुगतं. आवाजाची चुंबकीय पट्टी असलेल्या सुपर ८ ला (८ मिलिमीटरचाच नंतरचा प्रकार) मात्र अल्कोहोलही नाही, पट्टी सुटू शकते. नवे जोड कातोत्सो प्रेसवर, चिकटपट्टीने. इटालियन दिग्दर्शक फेलिनींचे संकलक लिओ कातोत्सो यांनी शोधलेलं हे यंत्र. इटालियन लग्नं इटालियन यंत्रावरच सांधली गेली!

स्कॅनर दातेरी चाकांशिवाय चालणारा, २के (रुंदीला साधारण दोन हजार ठिपके), १० बिट (रंगांच्या बारीक छटा टिपणारा), आणि फ्रेम भोकांसकट कडेपर्यंत. कडेवरच्या कोडॅकच्या खुणांवरून फिल्म बनल्याचं साल लागतं, पण त्या खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून रस्त्यावरच्या मोटारी पाहून ठरवावं लागतं. रेग्युलर ८ च्या ५० फुटांत ४००० फ्रेम, दर फ्रेमला साधारण १२ मेगाबाइट: चार मिनिटांच्या रिळाला जवळजवळ ५० गिगाबाइट. वेग सेकंदाला १६ फ्रेमचाच ठेवलात. तो २४ करायला सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम मनाने रचतं, आणि मिरवणुकीतली माणसं तरंगायला लागतात.

खरे आभार तांदळांचे. धूळ पुसणारं सॉफ्टवेअर एकच गोष्ट शोधतं: आधीच्या फ्रेममध्ये नाही, पुढच्या फ्रेममध्ये नाही, मधल्या एकीत आहे, म्हणजे कचरा. चर्चच्या पायऱ्यांवर नवरा-नवरीवर उधळलेला तांदूळ नेमका तसाच दिसतो. टोरोंटोचा बर्फही. सगळं आपोआप पुसू दिलं असतं तर पाहुणे हवेत मोकळे हात झटकताना दिसले असते. आपल्या अक्षतांची सवय असलेल्या डोळ्यालाच हे चटकन खटकतं, असं आम्हाला वाटतं. तुम्ही त्या शॉटांवर मास्क लावून, म्हणजे तेवढा भाग सॉफ्टवेअरपासून झाकून, धूळ फ्रेमागणिक हाताने काढलीत. ओरखड्यांतही निवड केलीत: फिल्मच्या पाठीवरचे काळे ओरखडे पसरट प्रकाशाने बरेच बुजतात, इमल्शनवरचे (चित्र असलेल्या थरावरचे) निळे आणि खोल गेलेले पांढरे बुजत नाहीत, कारण तिथे चित्रच खरवडून गेलेलं असतं. चेहऱ्यावरचे तेवढे भरले, बाकीचे राहू दिले. बरं केलंत.

अंधारात राहिलेल्या कोडाक्रोमचे (कोडॅकची एक रंगीत फिल्म) रंग टिकले होते, त्यांना हात लावला नाहीत. गुलाबी पडलेल्या जुन्या एक्टाक्रोमसाठी, म्हणजे कोडॅकच्याच दुसऱ्या रंगीत फिल्मसाठी, त्याच घराच्या कोडाक्रोम रिळातली स्वयंपाकघराची भिंत समोर ठेवून रंग जुळवलेत.

स्कॅन झालेली रीळं सैल गुंडाळून, रबरबँड न लावता, हवेशीर डब्यांत थंड जागी ठेवली आहेत. काही सुपर ८ चा आवाज बसवायचा राहिला आहे. तो चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो आणि जोडांपाशी हमखास घोळ होतो. ती रीळं तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत, सवडीने या.

आपली,
रिळांच्या कामातली सगळी मंडळी, टोरोंटो