खामिसियाचा धूर आणि संगणकाचा नकाशा

महोदय,

रणांगणावरचा धूर कुठे जाईल हे संगणक सांगतो, असे कौतुकाने बोलले जाते. पण उदबत्ती लावून बघा. धूर वीतभर सरळ चढतो आणि मग असा विस्कटतो की पुढची वळणे सांगता येत नाहीत. आणि ते बंद खोलीत!

आखाती युद्ध थांबल्यावर, मार्च १९९१ मध्ये अमेरिकी सैनिकांनी इराकमधील खामिसिया येथे दारूगोळ्याचा साठा उडवला. त्यातल्या रॉकेटांत सारिन हे विषारी रसायन होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे संगणकी प्रारूपांवरून विषारी ढगाचा नकाशा काढला गेला. १९९७ मध्ये नकाशातल्या त्या ढगाखाली सुमारे ९९ हजार सैनिक आले. २००० मध्ये गणित पुन्हा मांडले, तेव्हा आकडा लाखावर गेला. आकड्यापेक्षा नावांची अदलाबदल मला जास्त खटकते : आधी ‘तुम्ही ढगाखाली असाल’ असे पत्र मिळालेले हजारो जण यादीतून गळले, हजारो नवे आत आले.

२००४ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी या प्रारूपांवर बोट ठेवले. किती सारिन हवेत गेले, ढग किती उंच चढला, वारा कसा होता, सगळीच माहिती अपुरी. वाळवंटात त्या दिवशी वारा मोजणारे होते तरी किती? पडद्यावरचा रंगीत ढग मात्र नेटक्या कडांचा दिसतो. त्या कडेबाहेरच्या सैनिकाला ‘तुला काही झाले नाही’ असे कोणत्या आधारावर सांगायचे?

— एक वाचक, पुणे