अंगठा देणाऱ्यालाच 'सतर्क राहा' म्हणता?

मा. संपादक,
स. न.

आधार आणि अंगठ्याच्या फसवणुकीवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. माहिती बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवट पुन्हा त्याच वाक्यावर: 'नागरिकांनी सतर्क राहावे.' रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिले, म्हणून सकाळी लिहायला बसलो.

माझी माय 74 वर्षांची आहे. श्रावणबाळ योजनेचे पैसे तिच्या खात्यावर येतात. बँक तालुक्याला, एसटीने जाऊन रांगेत उभे राहणे आता तिच्याने होत नाही. म्हणून गावातच मशीन घेऊन बसणाऱ्याकडे ती अंगठा लावून पैसे काढते. दिवाळीच्या आधी मीही सोबत होतो. चाळीस वर्षे कापूस वेचून तिच्या बोटांवरच्या रेघा झिजून गेल्यात, वर बोंडांनी चिरलेले जुने व्रण. मशीन ठसा घेईना. मशीनवाला म्हणाला,

"माय, घेऊ नाही लागलं. पदराला पुसून ठेव."

तिने पुसून ठेवला. "दाबून ठेव." दाबून ठेवला. मग पाण्याचा हात लावून पुन्हा. चौथ्या खेपेला तिच्या हातात हजार रुपये पडले. पावती मागितली तर कागदाचा रोल संपलेला.

जानेवारीत पासबुक भरून आणले. त्याच तारखेला एकामागोमाग तीन नोंदी: 1000, 1000 आणि 1500. चार वेळा अंगठा घेतला, त्यातला तीनदा उमटला होता. आम्हाला मात्र एकदाच सांगितले.

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, अंगठा तुमच्या आईचाच आहे, म्हणजे व्यवहार बरोबर आहे. मेसेज का आला नाही विचारले, तर खात्याला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. वर मलाच प्रश्न, तीन दिवसांच्या आत का कळवले नाही? ज्या बाईला वाचता येत नाही, जिच्या हातात पावती दिली नाही, जिला मेसेज आला नाही, तिने तीन दिवसांत काय कळवायचे होते? मशीनवाल्याने तर हात वर केले. ते अडीच हजार अजून आलेले नाहीत.

आता सांगा, माझ्या मायने सतर्क म्हणजे नेमके काय व्हायचे? या मशीनवर पैसे काढायला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढे पुरते. पिन नाही, ओटीपी नाही. पिन चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलून आणायचा? कर्नाटकात 2023 मध्ये नोंदणी खात्याच्या कागदांवरचे अंगठे उचलून लोकांच्या खात्यांतून पैसे काढले गेले. त्या लोकांनी तर घर-जमिनीचे व्यवहार सरकारी कचेरीत रीतसर केले होते. त्यांचे कुठे चुकले?

आपल्या लेखात बायोमेट्रिक लॉक करायला, म्हणजे आपला अंगठा कुणाला वापरता येऊ नये म्हणून बंद करून ठेवायला सांगितले आहे. मी तेही करायला गेलो. लॉकसाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मायच्या आधारला चालू नंबर नाही. नंबर जोडायचा तर केंद्रावर जाऊन पुन्हा अंगठा. तिथेही ठसा उमटेना, दोन दिवसांची मजुरी बुडाली.

टपरीवर दहा रुपयांच्या चहाचे पैसे आले तरी तिथला डबा मोठ्याने मराठीत रक्कम सांगतो. मग म्हाताऱ्या माणसाच्या खात्यातून हजार रुपये जाताना मशीन मुकी का? खात्यातून किती गेले, हे मशीनने अंगठा घेतल्याबरोबर मोठ्याने बोललेच पाहिजे. पावतीचा रोल नसेल तर व्यवहारच होऊ नये. एवढे केले तरी आमच्या मराठवाड्यातल्या हजारो म्हाताऱ्या वाचतील.

आधारच्या झेरॉक्सचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 ला सिमकार्डासाठी आणि बँक खात्यासाठी आधारची सक्ती चालणार नाही म्हटले. तरी आजही लॉजपासून शाळेपर्यंत सगळीकडे पहिला प्रश्न 'आधारची झेरॉक्स?' 2022 च्या मे महिन्यात आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्याच (यूआयडीएआय) बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढले की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चार आकडेच दिसणारे मास्क्ड आधार द्या. दोन दिवसांत ते मागे घेतले. मी तसे मास्क्ड आधार एका कार्यालयात दिले, तर बाबूने 'हे खोडलेलं चालत नाही' म्हणून परत केले. इथे लोक सतर्क नाहीत की कार्यालये?

आणि राग आवरत नाही म्हणून आणखी एक. त्याच पानावर, त्या लेखाच्या खालीच, शिबिराचे छायाचित्र आहे. पुढच्या रांगेतल्या बाईंच्या हातात आधार कार्ड आहे आणि ई-पेपरवर ते मोठे केले की बाराच्या बारा आकडे स्वच्छ वाचता येतात. मी स्वतः वाचले. आधार कायद्याच्या कलम 29 प्रमाणे कुणाचा क्रमांक असा जाहीर छापता येत नाही. ते छायाचित्र ई-पेपरवरून आजच काढावे आणि त्या बाईंच्या घरी कुणालातरी पाठवून ही गोष्ट त्यांच्या कानावर घालावी.

आपला नियमित वाचक,
ता. जिंतूर, जि. परभणी