परवान्याची गरज नाही असे सांगून विकलेल्या रेडिओ स्कॅनरबाबत तक्रार

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'आपत्कालीन सेवांचे बोलणे थेट ऐका' या जाहिरातीवरून विकलेला रेडिओ स्कॅनर परत घेऊन पूर्ण रक्कम परत करणे व सदर जाहिरात मागे घेणे, याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी गेल्या महिन्यात हातात धरून वापरण्याचा एक रेडिओ स्कॅनर, म्हणजे निरनिराळ्या वाहिन्या एकामागून एक तपासून त्यांवरील बिनतारी बोलणे ऐकवणारे यंत्र, ३९,९०० रुपयांना मागवला. पावती माझ्या नावावर असली तरी ही रक्कम माझ्या एकट्याची नाही. चोपडा तालुक्यातील आमच्या तापीकाठच्या गावात पावसाळ्यात पुराच्या वेळी धावपळ करणाऱ्या तरुणांनी आणि काही केळी उत्पादकांनी वर्गणी काढून ती उभी केली होती. यंत्र बंद पडलेले नाही, त्याचा पडदा उजळतो, बटणे चालतात. तरीही ज्या कामासाठी ते विकले गेले ते काम ते येथे करू शकत नाही, आणि करू शकले असते तरी ते काम करण्याची कायद्याने मला परवानगी नाही. या दोन्ही गोष्टी विक्रीपूर्वी सांगणे आपले कर्तव्य होते. आपण त्या सांगितल्या तर नाहीतच, उलट जाहिरातीत त्यांच्या नेमके विरुद्ध लिहिले.

हे यंत्र घेण्यामागची गरज काय होती, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे पूर येण्यासाठी आमच्याकडे पाऊस पडावाच लागतो असे नाही. तापीवर बऱ्हाणपूरच्या बाजूला आणि पूर्णेवर विदर्भात जोरदार पाऊस झाला की चांगदेवजवळच्या संगमानंतर ते सर्व पाणी हतनूर धरणात येते, धरणाचे ४१ दरवाजे गरजेप्रमाणे उघडले जातात, आणि वर आभाळ स्वच्छ असतानाही आमच्या काठावरचे पाणी चढू लागते. विसर्गाची सूचना जलसंपदा विभागाकडून जिल्हा नियंत्रण कक्षाकडे, तेथून तहसील कार्यालयाकडे व पुढे तलाठी, पोलीस पाटील आणि कोतवाल यांच्यापर्यंत येते. ही साखळी बरीच भरवशाची आहे, परंतु रात्री वीज गेली, मोबाइलचा टॉवर बंद पडला आणि व्हॉट्सॲपचा संदेश सकाळी उघडला, तर नदीकाठच्या शेतातील मोटार, ठिबकचे साहित्य आणि गोठ्यातील जनावरे हलवण्यास वेळ उरत नाही. आपल्या जाहिरातीने नेमके याच उणिवेवर बोट ठेवले होते.

त्या जाहिरातीतील मराठी मजकूर मी जसाच्या तसा उतरवतो : 'तुमचा पिनकोड टाका आणि तुमच्या भागातील पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांचे बोलणे थेट ऐका. पूर, वादळ, आग, सर्वांत आधी तुम्हाला कळेल. फक्त ऐकण्याचे यंत्र असल्याने परवान्याची गरज नाही.' या तीन वाक्यांपैकी एकही वाक्य खान्देशात खरे ठरत नाही.

पिनकोडपासूनच सुरुवात करतो. चोपड्याचा पिनकोड ४२५१०७ असा सहा आकडी आहे, आणि यंत्रात पाचच आकडे टाकण्याची सोय आहे, कारण ते अमेरिकेतील पाच आकडी टपाल क्रमांकांसाठी बनवलेले आहे. ४२५ ने सुरू होणारे क्रमांक तेथे केंटकी राज्यात येतात, म्हणजे आमच्या पिनकोडच्या जोरावर हे यंत्र फार तर केंटकीपर्यंत पोहोचेल. यंत्राच्या स्मृतीत भरलेली संपूर्ण यादी अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांतील आहे; भारतातील एका गावाचेही नाव तीत नाही, आणि नसणेच स्वाभाविक आहे. अमेरिकेत कोणत्या अग्निशमन दलाला कोणती वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) दिली आहे याच्या नोंदी तेथील संपर्क आयोगाने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या असल्यामुळे अशी यादी तयार करता येते. आपल्या देशात पोलीस दल किंवा अग्निशमन दल यांना दिलेल्या वारंवारितांची अशी गावनिहाय सार्वजनिक सूची नाही. तेव्हा 'तुमच्या भागातील' हे शब्द आपण कोणत्या आधारावर लिहिले, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

'हवामान' या बटणाविषयी तर वेगळेच लिहावे लागेल, कारण आमच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे होते. हे बटण दाबल्यावर यंत्र १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ यांमधील सात ठरावीक वाहिन्या तपासते. या सात वाहिन्यांवर अमेरिकेची हवामान सेवा दिवसरात्र अंदाज आणि इशारे प्रसारित करते व धोक्याच्या वेळी यंत्र आपोआप भोंगा वाजवते. व्यवस्था उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु भारतीय हवामान विभाग या वाहिन्यांवर कोणतेही प्रसारण करत नाही, त्यामुळे आम्हाला तेथे खरखरीखेरीज काहीही ऐकू आले नाही. 'सागरी' आणि 'मोटार शर्यत' अशीही बटणे यंत्रावर आहेत. तापी समुद्राला मिळते ती सुरतेच्या पुढे जाऊन, आणि मोटारींची शर्यत आमच्या पंचक्रोशीत होत नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

हे यंत्र कोणत्या बाजारासाठी बनले होते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा त्याच्याच माहितीपुस्तिकेत आहे. तीत दिलेल्या वारंवारितांच्या तक्त्यात ८२४ ते ८४९ आणि ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे वगळलेले आहेत. तेथील मोबाइल फोनवरील खाजगी संभाषण कोणी चोरून ऐकू नये, म्हणून स्कॅनरमध्ये हे पट्टे बंद ठेवण्याचे बंधन अमेरिकेच्या कायद्याने उत्पादकांवर घातलेले आहे. म्हणजे उत्पादकाने आपल्या देशाचा कायदा काटेकोरपणे पाळला. तोच माल भारतात आणून विकताना आपण भारताचा कायदा उघडून तरी पाहिला होता का, हा माझा प्रश्न आहे.

आता 'परवान्याची गरज नाही' या विधानाविषयी. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगण्यावर आपल्या देशात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून निर्बंध आहेत. घरगुती रेडिओ संचावर आकाशवाणी ऐकणे आणि पोलिसांचे आपसातील बोलणे ऐकणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाच्या कलम ४२ नुसार एखादा संदेश बेकायदा मध्येच पकडणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असलेला गुन्हा आहे. येथे 'मी फक्त ऐकत होतो' हा बचाव चालत नाही, कारण ऐकणे हाच प्रश्न आहे. अमेरिकेत अग्निशमन दलाचे किंवा पोलिसांचे उघडे बोलणे ऐकण्याला सर्वसाधारणपणे मुभा आहे आणि त्यावर तेथे हा छंद वाढला. इंग्लंडमध्येही आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकण्यास कायद्याने मनाई आहे. तेव्हा एका देशाची मुभा दुसऱ्या देशाच्या ग्राहकाला विकता येत नाही. माझे वैयक्तिक मत विचाराल तर हा निर्बंध योग्यच आहे. अपघातात सापडलेल्या माणसाचे नाव किंवा एखाद्या महिलेने केलेली तक्रार चावडीवर बसलेल्यांच्या कानी पडण्याचे काहीच कारण नाही. या यंत्रावर आम्ही पोलिसांची वाहिनी शोधलेली नाही. भुसावळ येथील परिचयाचे एक परवानाधारक हॅम (हौशी रेडिओचालक) माहितीपुस्तिका वाचून आम्हाला वेळीच सावध करते झाले व त्यानंतर यंत्रातील बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी आपले विधान टिकत नाही. महाराष्ट्रात ११२ क्रमांकावर आलेला फोन नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात घेतला जातो आणि तेथून घटनेची माहिती पोलिसांच्या गाडीत बसवलेल्या पडद्यावर पाठवली जाते. २०१४ पासून सुरू असलेली १०८ ची रुग्णवाहिका सेवाही दूरध्वनी केंद्रावरून चालते. जेथे बिनतारी यंत्रणा वापरली जाते तेथेही सांकेतिक केलेले डिजिटल बोलणे असेल, तर असा स्कॅनर ते उलगडू शकत नाही. ऐकणाऱ्याला एकसारखी घरघर तेवढी ऐकू येते. अर्थात 'सर्वांत आधी तुम्हाला कळेल' हे आश्वासन ज्या प्रवाहावर अवलंबून होते, तो प्रवाहच या यंत्राच्या वाटेने जात नाही.

हे सर्व मी आपल्या ग्राहक सेवा प्रतिनिधींना फोनवर व ईमेलने कळवले. पहिले उत्तर असे मिळाले की यंत्र सुरू होत असल्याने ते सदोष मानता येत नाही, आणि खोके उघडल्यामुळे ते परत घेता येणार नाही. खोके न उघडता आतील यंत्र पाच आकडी क्रमांक मागते हे ग्राहकाला कसे कळावे, याचा खुलासा त्यात नव्हता. दुसरे उत्तर असे की स्थानिक कायद्यांची खातरजमा करणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. ज्या जाहिरातीत परवान्याची गरज नाही असे आपणच लिहिता, तिच्या खाली हे उत्तर शोभत नाही. तिसरे उत्तर मात्र मला अतिशय गंभीर वाटते. जादा रक्कम भरून डिजिटल सुविधा सुरू करून घ्या, मग 'सगळे ऐकू येईल', असे त्यात सुचवले आहे. म्हणजे कायद्याच्या अडचणीची तक्रार करणाऱ्या ग्राहकाला आपण त्याच अडचणीत आणखी खोल उतरण्यासाठी आणखी पैसे मागितले. हा ईमेल मी जपून ठेवला असून त्याची प्रत या पत्रासोबत पावती, जाहिरातीचे छायाचित्र व खोक्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे यांसह जोडली आहे. खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता नाही, हेही त्यांत दिसेल.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांच्या ज्या व्याख्या आहेत, त्यांत हा व्यवहार बसतो असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. शिवाय याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीसह रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून, उपकरणाची वारंवारिता, परवान्याची आवश्यकता आणि दूरसंचार विभागाची उपकरण मान्यता यांची माहिती ग्राहकापासून लपवू नये, असा त्यांचा रोख आहे. आपल्या विक्रीपानावर यांपैकी काहीही नव्हते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. ३९,९०० रुपयांची पूर्ण रक्कम, कोणतीही कपात न करता व कूपनच्या स्वरूपात न देता, ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी. यंत्र आपल्या खर्चाने आपल्या प्रतिनिधीमार्फत गावातून घेऊन जावे. असे उपकरण स्वतः कुरिअरने पाठवण्याची जोखीम मी पत्करणार नाही. हे यंत्र मला परवान्याची गरज नाही असे सांगून विकले गेले, असे कंपनीच्या अधिकृत पत्रावर सही-शिक्क्यासह लिहून द्यावे, म्हणजे उद्या कोणी विचारणा केल्यास ती खरेदी कोणत्या आश्वासनावर झाली हे मला दाखवता येईल. या उपकरणाला दूरसंचार विभागाची मान्यता असल्यास तिची प्रत द्यावी. जाहिरात तत्काळ काढून टाकावी आणि ज्यांनी हेच यंत्र आधी घेतले आहे त्या सर्व ग्राहकांना वस्तुस्थिती कळवावी. ही शेवटची मागणी मला पैशांपेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण पलीकडच्या काठावरील एका गावातील मंडळी हेच यंत्र मागवण्याच्या तयारीत होती आणि त्यांना आम्ही थांबवले. जेथे थांबवणारे कोणी नाही अशा ठिकाणी एखादा उत्साही मुलगा पोलीस बंदोबस्ताच्या दिवशी ते हातात घेऊन चौकात उभा राहिला, तर त्याच्यावर काय प्रसंग येईल याची कल्पना आपण करू शकता.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निराकरण एक महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून जळगाव येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. कंपनीचे कार्यालय कोठेही असले तरी ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. यंत्र, त्याची तार, पुस्तिका आणि मूळ खोके असे सर्व साहित्य सुस्थितीत आहे. आपल्या प्रतिनिधीने येण्यापूर्वी एक दिवस आधी फोन करावा, म्हणजे पोलीस पाटलांच्या समक्ष पोच घेऊन ते त्याच्या ताब्यात देता येईल.

आपला,
एक ग्राहक
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव