आवड तुझी, पण पारख?

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास की चवीच्या बाबतीत बरोबर-चूक असं काही नसतंच, ज्याची त्याची आवड, आणि मग नेटवर्क गेलं ते गेलंच. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

हापूसचंच घे ना. सीझनला कोकणातल्या पेट्यांच्या जोडीला कर्नाटकचा आंबा पण येतो आणि कितीतरी ठिकाणी देवगड म्हणून सर्रास खपवला जातो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरता येतं असं मानांकन, मिळालं तरी हे चालूच आहे. आता कर्नाटकचा वाईट असतो असं नाही हां, आमच्या आईला तोच आवडतो, आणि ती आवड शंभर टक्के तिची. पण आमच्या ओळखीतले एक बागवाले काका आहेत, ते फळ हातात घेतात, देठापाशी नाक नेतात, सालीवरून अंगठा फिरवतात आणि सांगतात कुठला ते, मग कापलं की गर केशरी निघतो का पिवळा ते आपण बघायचं. बरोबर-चूक नसतंच तर मग देवगडच्या नावाने दुसरा आंबा विकणाऱ्याला तू कुठल्या तोंडाने बोलणार?

आणि यात जिभेचं काम कमीच. गोड, आंबट, खारट, कडू आणि ते जपानचे रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधलेलं उमामी, म्हणजे मांसाच्या रश्श्यासारखी रुचकर चव, एवढंच तिला कळतं, बाकी बरंचसं नाकाचं. सर्दी झाली की हापूस नुसता गोड लागतो बघ.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने रुचीवरच्या १७५७ च्या निबंधात एक जुना किस्सा घेतलाय. दोघं जण वाइन चाखतात, एक म्हणतो चांगलीय पण चामड्याची चव येतेय, दुसरा म्हणतो लोखंडाची. सगळे त्यांना हसतात, आणि पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली सापडते! ह्यूमचं म्हणणं, अशी पारख सरावाने आणि शेजारी शेजारी ठेवून तुलना केल्याने वाढते, आणि तो हे कविता-लेखनाबद्दल बोलत होता.

गाण्यात तर हे रोज दिसतं. भूप आणि देशकार हे दोन राग, दोन्हीत सा रे ग प ध, तेच पाच सूर. पण भूप गंधारावर, म्हणजे ग वर, रेंगाळतो, आणि देशकारात सगळा जोर वर धैवतावर, म्हणजे ध वर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, त्यात कमीपणा काही नाही, पण म्हणून ते एकच आहेत असं होत नाही ना.

तू एक कर, एकाच गायकाचे दोन्ही काढ, देशकार सकाळी लाव, भूप रात्री, आठवडाभर ऐक. मग कुठला आवडला ते सांगू नकोस, धैवत कुठे वेगळा लागला ते सांग.

तुझा,
बंड्या