घाटाची जागा आधी कागदावर वाचवा

महोदय,

विदर्भातल्या गावोगावी नदीकाठी जुने दगडी घाट आहेत. पोळ्याला बैल धुणे, ढिवरांनी जाळी वाळवणे, विसर्जन, दशक्रिया, सारे तिथेच. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण नसलेल्या घाटांना 100 मीटरची बांधकामबंदी लागू होत नाही. त्यांचा आधार महसुली कागद, आणि नेमका तोच कोणी काढत नाही.

विदर्भात निस्तार पत्रक (सरकारी पडीक जमीन गावाने कशी वापरायची याची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढ वहिवाटींची नोंद) आहेत (जमीन महसूल संहिता 1966, कलम 161 व 165). त्यांच्या नकला, सातबारा व गावनकाशा काढून घाटाचा गट क्रमांक पक्का करावा. ग्रामसभेच्या ठरावात नुसते ‘घाटाची जागा’ लिहिले तर ठराव टिकत नाही. गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा हवी.

मोजणी उन्हाळ्यात घ्यावी. हद्दीचे दगड पूररेषेच्या वर रोवावेत आणि मंदिराच्या जोत्यापासूनची अंतरे नकाशावर लिहून घ्यावीत. काळ्या मातीत दगड कलतात, पुरात वाहून जातात. मग दर वखरणीला शेजारच्या शेताचा धुरा (बांध) हातभर नदीकडे सरकतो आणि पुरावा उरत नाही. अतिक्रमण दिसताच तलाठ्याकडून गाव नमुना 1-ई या अतिक्रमणांच्या नोंदवहीत नोंद करून घ्यावी. कारवाईसाठी महसूल खात्याला जमीन महसूल संहितेचे कलम 50, ग्रामपंचायतीला ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 53 आहे.

सुशोभीकरणाच्या नावाखाली पायऱ्यांवर सिमेंट ओतणेही थांबवा. पाणी आत कोंडते, दगड फुगून सुटतात. सांधे चुन्यानेच भरावेत.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, ही सरपंच व ग्रामसेवकांना कळकळीची विनंती.

— नदीकाठचे ग्रामस्थ